घरात विवस्त्र राहण्याची सवय: कायदा, शेजार आणि संकोच

लष्करवासी (ग्वाल्हेर)
नमस्कार. आम्ही पती-पत्नी लष्कर भागातील एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. मुले नोकरीनिमित्त बाहेरगावी असतात. मागच्या उन्हाळ्यात, घरात दोघेच असताना, आम्ही विवस्त्र वावरू लागलो. सुरुवात उकाड्यामुळे झाली, परंतु उकाडा सरल्यावरही ती सवय सोडावीशी वाटली नाही. परकराच्या नाडीने कमरेवर पडलेला काळा वळ मी लग्नापासून गृहीत धरला होता, तो आता फिका होऊ लागला आहे. पोटावरील शस्त्रक्रियेचा व्रण यजमानांपासूनही झाकून ठेवण्याची माझी धडपड थांबली, हे सुख मला त्याहून मोठे वाटते. यात शृंगाराचा भाग नाही. भाजी निवडणे, वर्तमानपत्र वाचणे, पेटी वाजवणे, सारे नेहमीसारखेच चालते, फक्त अंगावर काही रुतत नाही.

शेजारच्या गच्चीवरून कोणाची नजर गेली तर आमच्याकडून गुन्हा घडतो का? असे राहणारे अन्य कोणी असल्यास घराची व्यवस्था कशी ठेवता? यजमान गोपाचलावरील, म्हणजे ग्वाल्हेर किल्ल्याच्या डोंगरातील, नग्न जैन मूर्तींचा दाखला देतात, तो मला पटतो आणि पटत नाहीही.

वकील, इंदूर
भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या कलम 296 नुसार सार्वजनिक ठिकाणी, इतरांना त्रास होईल असे अश्लील कृत्य केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पडदे ओढलेल्या घरात आपण कसे वावरता हा या कलमाचा विषय नाही. रस्त्यावरून सहज दिसणाऱ्या सज्जात मात्र तसे उभे राहू नये, कारण तेथे तक्रारीला जागा मिळते.

आपण घाबरता त्याची दुसरी बाजूही पाहा. खासगी जागेत विवस्त्र असलेल्या स्त्रीला कोणी चोरून पाहिले किंवा तिचे चित्रीकरण केले, तर कलम 77 खाली आरोपी तो ठरतो आणि पहिल्याच गुन्ह्याला किमान एक व कमाल तीन वर्षे कैद आहे. संमतीवाचून कोणाच्याही खासगी अवयवांचे छायाचित्र घेऊन खासगीपणाचा भंग करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ई खाली गुन्हा आहे, आणि तेथे स्त्री-पुरुष असा भेद नाही.

मांडवीकर (वडोदरा)
मी एकटा राहतो आणि घरी बहुतेक वेळ असाच असतो. प्रत्येक खुर्चीवर धुतलेला पंचा अंथरलेला असावा, हा माझा पहिला नियम आहे. फोडणी घालताना जाड एप्रन बांधावाच, कारण मोहरी उडते ती नेमकी पोटावर. दाराच्या आतल्या खुंटीवर गाऊन आणि लुंगी कायम टांगलेली ठेवा, म्हणजे बेल वाजली की धांदल होत नाही.

उन्हाळ्याविषयी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्वचेचे तापमान साधारण 35 अंशांच्या आसपास असते, आणि तुमच्या ग्वाल्हेरची मे महिन्यातील लू 45 अंशांची असते. अशी झळ उघड्या अंगावर घेतली तर शरीर थंड होण्याऐवजी तापतेच, म्हणून गच्चीवर सैल सुती कपडाच बरा. घरात कूलरसमोर मात्र घाम मोकळेपणी वाळतो आणि गारवा मिळतो. पावसाळ्यात, कूलर निकामी झाल्यावर, मला याचा खरा उपयोग जाणवतो: घट्ट कपड्याखाली घाम कोंडून काखेत आणि कमरेला घामोळे उठते, ते माझ्यापुरते तरी बंद झाले.

गोपाचल (ग्वाल्हेर)
आपल्या यजमानांचा दाखला मला मान्य नाही, आणि हे मी तळमळीने लिहीत आहे. पंधराव्या शतकात डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह तोमरांच्या काळात किल्ल्याच्या कड्यात कोरलेल्या त्या तीर्थंकरांची नग्नता अपरिग्रहाची आहे. दिगंबर मुनी वस्त्राबरोबर घर, धन आणि देहाचे लाडही सोडतो. मोरपिसांची पिच्छी, कमंडलू आणि फार तर शास्त्रग्रंथ एवढेच तो जवळ बाळगतो. किल्ल्याच्या उरवाई भागातील या मूर्ती नग्न आहेत असे बाबराने आपल्या आठवणींत नोंदवले आणि त्या नष्ट करण्याचा हुकूम दिला. आजही अनेक चेहरे छिन्न दिसतात. ज्या नग्नतेने एवढे सोसले, तिला कूलरसमोरच्या आरामाची साक्षीदार करू नये. आपण सुखासाठी तसे राहता, तर तसेच म्हणावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

वाचक (इंदूर)
दाखलाच हवा असेल तर संततिनियमनाचे पुरस्कर्ते र. धों. कर्वे यांचा घ्यावा. 1927 पासून 1953 पर्यंत चालवलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या मुखपृष्ठावर ते नग्न चित्रे छापत, आणि नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे ही भूमिका त्यांनी खटले सोसून टिकवली. 1934 मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. त्याही आधी, 1891 मध्ये, मुंबई इलाख्यातील एक न्यायाधीश चार्ल्स क्रॉफर्ड यांनी 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' ही मंडळी काढली होती. प्रारंभी सभासद अवघे तीन होते, आणि क्रॉफर्ड यांची रत्नागिरीला बदली झाल्यावर ती मोडली. आधुनिक काळातील पहिला ज्ञात नग्नसंघ म्हणून तिचाच उल्लेख होतो.

लष्करवासी (ग्वाल्हेर)
सर्वांचे मनापासून आभार. गोपाचल यांचे म्हणणे यजमानांना वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग त्यांनी ते मान्य केले. सज्जाला बांबूची चिक लावून घेत आहोत. दिवाळीत मुलगा आणि सूनबाई येतील तेव्हा कपड्यांतच राहू, कारण त्यांची संमती आम्ही विचारलेली नाही आणि विचारण्याचा विचारही नाही. एप्रनचे कापड जाड म्हणजे नेमके कोणते, खादी की मांजरपाट, हे मांडवीकरांनी कळवावे.