क्रूझसाठी पासपोर्टचे सहा महिने नेमके कुठल्या तारखेपासून मोजायचे?

गोदीकर:
मंडळी, प्रश्न छोटा आहे, पण दोन दिवस डोकं भणभणतंय.

मी मुंबईच्या गोदीत ३३ वर्षं काढली. बोटी भरल्या, रिकाम्या केल्या, रात्रपाळीला त्यांच्या सावलीत बसून डबा खाल्ला. पण प्रवासी म्हणून पाण्यावर गेलो तो भाऊच्या धक्क्यावरून रेवसपर्यंतच. यंदा लेक-जावयाने हट्टाने आम्हा दोघांची क्रूझ बुक केली आहे. १२ मेच्या रात्री सहारहून विमान, १३ला सकाळी सिंगापूर. दोन दिवस तिथे फिरायचं. १५ला बोट सुटते, १६ला पेनांग, १७ला फुकेत, १८ला नुसता समुद्र, १९ला सकाळी परत सिंगापूर आणि रात्री घरचं विमान.

परदेशात शिरताना पासपोर्टची मुदत निदान सहा महिने उरलेली लागते म्हणतात, आणि माझा पासपोर्ट १४ नोव्हेंबर २०२६ला संपतो. (लेकीच्या बाळंतपणाला दुबईला जायचं म्हणून काढला होता. नोटबंदी होऊन आठवडाच झालेला, सगळी चाळ बँकेच्या रांगेत आणि मी पोस्टमनची वाट बघत दारात. म्हणून तारीख पाठ आहे.) टूरवाला म्हणतो, "काका, १३ मेला सिंगापूरला उतरता तेव्हा सहा महिने भरतात, वर एक दिवस शिल्लक. बिनधास्त चला." हिचा पासपोर्ट २०२८पर्यंत आहे, त्यामुळे ती बिनधास्तच आहे. मला मात्र तो एक दिवस खुपतोय. कुणी गेलंय का असं काठावर?

कोकणचा गणपा:
काका, कशाला टेन्शन घेता! आम्ही दिवाळीत बॅलार्ड पियरहून मुंबई-गोवा क्रूझ केली. आधार कार्ड दाखवलं, आत सोडलं. पासपोर्ट घरी कपाटात. माझा भाचा न्यू जर्सीला असतो, तोही सांगतो की तिकडे क्रूझला जन्मदाखला चालतो.

सहार रातपाळी:
गणपाशेठ, मुंबई-गोवा म्हणजे देशातल्या देशात. तिथे आधार, मतदार कार्ड चालणारच. भाच्याची गोष्टही खरी आहे, पण ती अमेरिकन नागरिकांपुरती, आणि तीही बोट अमेरिकेच्या ज्या बंदरातून सुटली तिथेच परत येणार असेल तर. आपल्या निळ्या पासपोर्टवाल्याने तिथे जन्मदाखला पुढे केला तर लोक हसतील.

गोदीकरकाका, आता तुमचं. मी बरीच वर्षं चेक-इन काउंटरवर काढली, म्हणून सांगतो. टूरवाल्याने हिशेब बरोबर केला, पण एकाच तारखेचा केला. सिंगापूरमध्ये तुम्ही दोनदा शिरताय. १३ला विमानाने आणि १९ला बोटीने. १९ मेपासून सहा महिने म्हणजे १९ नोव्हेंबर. तुमचा पासपोर्ट पाच दिवस आधीच संपतो. मलेशियालाही सहा महिने लागतात. तिथे १६ मेला पोचताय, म्हणजे दोन दिवस कमी. दर बंदराला मोजणी नव्याने सुरू होते.

दुसरं, व्हिसा. दोनदा शिरायचं म्हणजे सिंगापूरचा मल्टिपल एंट्रीच हवा. कागद हातात आला की तो शब्द डोळ्यांनी वाचा, टूरवाल्याच्या तोंडावर जाऊ नका.

गोदीकर:
बापरे, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण एक विचारतो. मी पेनांगला आणि फुकेतला खाली उतरलोच नाही तर? बोटीवर बसून राहीन, चहा पिईन. आमच्या गोदीत कितीतरी खलाशी बोटीवरून पायही खाली ठेवायचे नाहीत.

सहार रातपाळी:
खलाशाकडे सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक असतं, त्याचे कायदे वेगळे. तुम्ही प्रवासी. सगळ्या प्रवाशांची यादी, पासपोर्ट नंबर आणि मुदतीसकट, प्रत्येक बंदराला आधीच जाते. खाली उतरा नाहीतर केबिनमध्ये झोपा, बोट त्या देशात गेली म्हणजे तुम्हीही गेलात. म्हणून क्रूझवाले वाटेतल्या सगळ्या बंदरांचा हिशेब पहिल्याच धक्क्यावर करतात.

शिवाय तुम्ही त्या धक्क्यापर्यंत पोचालच असंही नाही. विमानवाले काउंटरवर टायमॅटिक उघडतात, त्यात प्रत्येक देशाचे नियम असतात. अपुऱ्या कागदांचा माणूस नेला तर दंड विमान कंपनीला बसतो आणि त्याला परत आणायचं तेही तिच्याच गळ्यात. म्हणून काउंटरवरची पोरगी गोड हसते, पण ऐकत नाही.

पार्लेकर माई:
काका, टूरवाल्याचं ऐकू नका, आमचं ऐका. जाऊ-दीर आणि आम्ही दोघं असे चौघं युरोपच्या क्रूझला निघालो होतो. ह्यांच्या पासपोर्टला परतीच्या तारखेनंतर चार महिने होते. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिशावर चालणाऱ्या देशांचा, नियम तीन महिन्यांचा, त्यामुळे व्हिसा मिळाला. विमानानेही नेलं. बार्सिलोनाच्या धक्क्यावर क्रूझच्या माणसाने पासपोर्ट उलटा-सुलटा केला आणि ह्यांचा बाजूला ठेवला. म्हणे, आमच्या अटींत प्रवास संपल्यापासून सहा महिने लिहिलंय. ती ओळ आमच्या तिकिटाच्या मागच्या पानांत होती खरी, मुंगीएवढ्या अक्षरांत.

जाऊ-दीर बोटीवर चढले. जाऊबाई वरच्या डेकवरून हात हलवत होत्या आणि मी खाली चार बॅगांपैकी आमच्या दोन शोधत होते. आठवडाभर बार्सिलोनात भाड्याच्या खोलीत पोहे करून खाल्ले. विमा कंपनी म्हणाली, कागद अपुरे असतील तर भरपाई नाही. तेव्हापासून मी एकच बघते: देशाचा नियम एक, कंपनीचा दुसरा, त्यातला जो कडक तो आपला. आणि मोजायचं ते प्रवास संपायच्या तारखेपासून.

तुम्ही आत्ताच नवा काढा. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. मार्च चाललाय, हातात वेळ आहे.

गोदीकर:
माई, पोहे वाचून हसू आलं, माफ करा.
नवा काढायचा तर एक गुंता आहे. जुन्या पासपोर्टवर वडाळ्याचं गोदीचं क्वार्टर आहे. निवृत्तीनंतर ते सोडलं, आता काळाचौकीला राहतो. आधारवर अजून वडाळाच. तत्काळमध्ये टाकू का?

पार्लेकर माई:
आधी आधारवरचा पत्ता बदला, मग अर्ज. अर्जात काळाचौकी आणि आधारवर वडाळा असेल तर काउंटरवर अडकाल. पत्ता बदललाय म्हणजे पोलीस चौकशी होईल असं धरून चाला. त्या दिवसांत गावाला जाऊ नका.

तत्काळचे २,००० रुपये जास्त जातात. ३६ पानांचा साधा १,५००, तत्काळ ३,५००. दोन महिने हातात असताना मी तरी साधाच भरला असता.

सहार रातपाळी:
माईंना अनुमोदन. फक्त क्रम चुकवू नका. आधी नवा पासपोर्ट, मग सिंगापूरचा व्हिसा. व्हिशावर पासपोर्टचा नंबर असतो आणि नव्या पासपोर्टचा नंबर नवा. क्रूझ आणि विमानाच्या बुकिंगमध्ये जुना नंबर भरला असेल तर तोही बदलून घ्या. हे लोक हमखास विसरतात.

गोदीकर:
मंडळी, उशिरा कळवतोय.

आधार बदलून झाल्यावर लोअर परळच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ मिळाली. घरून चालत गेलो. टोकन, मग ए काउंटर, तिथे फोटो आणि बोटांचे ठसे. माझे ठसे उमटेनात. दोराने आणि हुकाने झिजलेली बोटं. पोराने ओला टिशू दिला, म्हणाला, "काका, जोरात दाबा." चौथ्यांदा उमटले. बी आणि सी काउंटर पटापट झाले. जुन्या पासपोर्टवर "रद्द" चा शिक्का मारून कोपरा कापला आणि परत दिला. तेवढं बघताना जरा वाईट वाटलं.

पोलीस चौकीतून फोन आला, दोन शेजाऱ्यांची नावं विचारली. परवा स्पीड पोस्टने पासपोर्ट आला. पोस्टमन ओळखपत्र बघितल्याशिवाय देईना, नातू म्हणतो "आजोबा, तुम्हीच आहात हे सिद्ध करा". आता २०३६पर्यंत चिंता नाही. टूरवाल्याला नवा नंबर पाठवला, तर म्हणतो, "मी तेच म्हणत होतो, काका, नवा काढून घ्या." मी काही बोललो नाही.

व्हिशाचा अर्ज आज गेला. आता पुढचा प्रश्न: ही चार रात्रींसाठी भाजणी आणि लोणच्याची बरणी न्यायची म्हणते. बोटीवर घेतात का? वेगळा धागा काढतो.