प्रोग्रेसिव्ह टूलला धार लावल्यानंतर एकदम तीन दोष. तपासणी कुठून सुरू करावी?

कुपवाडचा शिकाऊ:

नमस्कार. आयटीआयमधून टूल अँड डाय मेकरचे प्रशिक्षण घेऊन मी सध्या कुपवाड एमआयडीसीतील एका लहान प्रेसशॉपमध्ये काम शिकत आहे. आमच्याकडे ६३ टनी सी-फ्रेम प्रेसवर मेकॅनिकल रोल फीडर (रोलांमध्ये धरून पट्टी पुढे सरकवणारे यंत्र) लावून एक प्रोग्रेसिव्ह टूल (पट्टी दर ठोक्याला एकेक स्टेशन पुढे सरकवत तुकडा घडवणारा साचा) चालते. १.६ मिमी सीआरसीए (कोल्ड रोल्ड पोलादाच्या) पट्टीपासून वायरिंगचे क्लॅम्प तयार होतात. पहिल्या स्टेशनवर पायलटचे (भोकात शिरून पट्टी नेमकी जागेवर आणणाऱ्या पिनेचे) आणि बोल्टचे भोक पडते, दुसऱ्यावर कडेचा नॉच (खाच) कापला जातो, तिसरे रिकामे आहे, चौथ्यावर काटकोनात बेंड होतो आणि पाचव्यावर तुकडा सुटतो.

बर (कापलेल्या कडेवर उठणारी खरखरीत धार) वाढल्यामुळे टूल काढून पंचांना आणि डायच्या बुशांना (पंच ज्यात शिरतो त्या कापणाऱ्या कड्यांना) धार लावली. बुशांखाली शिम (पातळ पत्र्याची चकती) घालून त्या पातळीत आणल्या. पंच मात्र ०.२ मिमी आखूड झाल्याने रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) तेवढा खाली घेतला. मधल्या काळात त्याच प्रेसवर दुसरे टूल चालले होते. आता बर येत नाही, पण बोल्टच्या भोकापासून बेंडपर्यंतचे अंतर काही वेळाने सरकू लागते, अधूनमधून एखादा स्लग (भोकातून कापला गेलेला तुकडा) पंचाला चिकटून वर येतो व पुढच्या तुकड्यावर खड्डा पाडतो, आणि बेंडचा कोनही ९० अंशांवर टिकत नाही. सुपरवायझर पिच (दर ठोक्याला पट्टी सरकण्याचे अंतर) थोडी वाढवायला सांगतात आणि तशी ती वाढवलेलीही आहे. तेवढ्यापुरता फरक दिसतो व अंतर पुन्हा सरकते. हे मूळ दुखण्यावरचे औषध नाही असे मला वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मिरज टूलरूम:

आपली शंका योग्य आहे. पिचला पुन्हा हात लावण्यापूर्वी प्रेस बंद करून पाचही स्टेशनांतून जाणारी पट्टी अखंड बाहेर काढा आणि उजेडात पाहा. प्रोग्रेसिव्ह टूलमध्ये दोष दिसतो शेवटच्या तुकड्यावर, पण तो कोणत्या स्टेशनवर जन्मला हे फक्त सलग पट्टी सांगते. सुटे तुकडे कितीही मोजले तरी ते कळत नाही.

पायलटची भोके भिंगाखाली पाहा. पट्टी कमी सरकत असेल, तर पायलट तिला पुढे ओढतो आणि भोकाची पुढची कड ताणली जाते. जास्त सरकत असेल, तर तो तिला मागे ढकलतो आणि मागची कड चेपते. बेंडच्या आतल्या कोपऱ्याचेही निरीक्षण करून इथे लिहा.

सातारा एमआयडीसी:

स्लगपुरते सांगतो. सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकवर धरलेला पंच धार लावून निघतो तेव्हा त्यात चुंबकत्व शिल्लक राहते, आणि डीमॅग्नेटायझरवरून न फिरवता तो बसवला तर स्लग त्याच्यासोबत वर येतो. एखादी टाचणी पंचाच्या टोकाला लावून पाहा, लगेच समजेल. चुंबकत्व नसेल तर तेलाकडे पाहा. पट्टीवर दाट तेल असेल तर नव्याने सपाट झालेल्या पंचाच्या तोंडाशी तेलामुळे निर्वात तयार होतो आणि स्लग चिकटून बसतो. अशा वेळी पंचात स्प्रिंगची बारीक इजेक्टर पिन घालणे हा खात्रीचा उपाय आहे. क्लिअरन्सही (पंच आणि डाय यांमधली फट) एकदा मोजून घ्या. १.६ मिमी सौम्य पोलादाला एका बाजूस जाडीच्या ५ ते ८ टक्के, म्हणजे साधारण ०.०८ ते ०.१३ मिमी, पुरेसा असतो. तो फार वाढला की स्लग डायमध्ये घट्ट अडकत नाही आणि सहज वर उचलला जातो.

कुपवाडचा शिकाऊ:

पट्टी काढून पाहिली. पायलटच्या भोकांची मागची कड चेपलेली आहे. बेंडच्या आतल्या कोपऱ्यात नखाला जाणवेल अशी चकचकीत, दबलेली रेघ आहे. धार लावण्यापूर्वीच्या तुकड्यांवर ती नाही. पंचाला टाचणी चिकटून लोंबकळते.

मिरज टूलरूम:

मग तिन्ही दोष टूल काढण्या-बसवण्यातूनच आले आहेत, मात्र प्रत्येकाचे कारण निराळे आहे. स्लगचे कारण वर सांगितलेले पंचातले चुंबकत्व आहे. मागची कड चेपली, कारण वाढवलेल्या पिचमुळे पट्टी पुढे जाते आणि पायलट तिला मागे ढकलू पाहतो तेव्हा रोल तिला सोडत नाहीत. रॅमवरचा जो बोल्ट रोल उचलणाऱ्या लिव्हरवर दाबतो, तो बहुधा मधल्या टूलच्या शटहाइटप्रमाणे (रॅम पूर्ण खाली असताना टूलसाठी उरणाऱ्या उंचीप्रमाणे) लावलेला राहिला आहे. पिच मूळ मापावर आणा, फ्लायव्हील थांबलेले असताना हाताने फिरवत रॅम खाली घ्या आणि पायलटचे निमुळते टोक भोकात शिरताच रोल सुटतील असा तो बोल्ट लावा. रोल त्याआधी सुटले तर पट्टी मागे घसरते, उशिरा सुटले तर भोक फाटते. लॉकनट आवळल्यानंतर पुन्हा एकदा पाहून घ्या, कारण आवळताना बोल्ट फिरतो.

बेंडचे कारण रॅम आहे. भोकाचे पंच ०.२ मिमी आखूड झाले, बेंडिंग पंच मात्र पूर्वीइतकाच लांब राहिला. त्यामुळे तो पत्र्याला वाकवून न थांबता चेपतो. असे टूल चालवत राहिल्यास सी-फ्रेमवरही विनाकारण ताण येतो. बेंडिंग पंच काढून त्याची पाठ ०.२ मिमी ग्राइंड करा, किंवा पाठीमागे शिम असेल तर तेवढी कमी करा, आणि तोही डीमॅग्नेटाइझ करूनच बसवा.

निवृत्त फिटर, पलूस:

वरील सल्ला बरोबर आहे. एक भर घालतो. "काही वेळाने सरकते" या शब्दांवरून डिकॉइलर (पट्टीचे वेटोळे उलगडणारा स्टँड) आणि फीडर यांच्यामधला पट्टीचा झोळ पाहावासा वाटतो. झोळ संपून पट्टी ताणली गेली की रोल घसरतात, आणि झोळ फार मोठा असला की रोल सुटताच त्याच्या वजनाने पट्टी मागे ओढली जाते. तसेच स्लिटिंगमध्ये पट्टीची कड धनुष्यासारखी वळलेली असेल तर ती गाइडमध्ये अडते. पट्टीचा लांब तुकडा जमिनीवर पसरून कडेला दोरी ताणून धरली की हा वळसा उघड दिसतो.

आणि बाळा, पट्टी काढताना मेन स्विच बंद करून फ्लायव्हील पूर्ण थांबू द्यायचे, रॅमखाली सुरक्षा ठोकळा ठेवायचा, आणि अडकलेला तुकडा चिमट्यानेच ओढायचा. न्यूमॅटिक क्लच असो वा जुना रोलिंग-की क्लच, हा क्रम बदलत नाही. रोलिंग-कीच्या प्रेसवर तर एकदा क्लच धरला की फेरा पुरा झाल्याशिवाय रॅम थांबतच नाही.