स्त्रियांच्या कर्तृत्वावरची पुस्तकं, चित्रपट, पॉडकास्ट : पारखायचं कसं?

वाचनखूण
आठ जणांचा वाचनगट, हाताशी सहा आठवडे. एकाच स्त्रीच्या कामावर एक पुस्तक, एक चित्रपट आणि जमल्यास पॉडकास्ट असा संच लावायचाय. बरीच चरित्रं म्हणजे नुसत्या आरत्या निघतात, आणि चित्रपटात खरं किती नि पदरचं किती ते उमगत नाही. निवडायचं कसं? आणि आधी काय घ्यावं?

उलटपान
चरित्र मागून उघडा. टिपा नि शेवटची नावांची-विषयांची सूची दोन्ही नसतील तर सावध. सूची असेल तर तिच्या कामाच्या नोंदी किती आणि नवरा, वडील, गुरू यांच्या किती, ते पाच मिनिटांत मोजून होतं. मग मधलं एखादं प्रकरण वाचा आणि 'हिने नेमकं केलं काय' हे चार वाक्यांत सांगून बघा. जिद्द, संघर्ष, प्रेरणा एवढंच हाती लागलं तर पुस्तक जागेवर ठेवा.

डीएनएच्या रचनेवर काम केलेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञ रोझालिंड फ्रँकलिनचंच घ्या. 'तिचा फोटो ढापला, नोबेल हिरावलं' एवढ्यावर थांबणारं पुस्तक कच्चं. पक्क्या पुस्तकात कळतं की डीएनएच्या धाग्याभोवतीची आर्द्रता कमी-जास्त करून तिने त्याची ए आणि बी ही दोन रूपं वेगळी काढली. मे १९५२ मधला तो डीएनएचा ५१ क्रमांकाचा क्ष-किरण फोटो तिच्या मार्गदर्शनाखाली तिचा विद्यार्थी रेमंड गॉस्लिंगने काढला, ६० तासांहून जास्त एक्सपोजर देऊन. ती गेली १९५८ मध्ये, डीएनएच्या रचनेसाठी वॉटसन, क्रिक आणि विल्किन्सना नोबेल दिलं १९६२ मध्ये, आणि ते मरणोत्तर देत नाहीत. तेव्हा 'हिरावलं' हा शब्द जपून वापरा. श्रेय डावलल्याची तक्रार मात्र रास्तच.

तिसरी_घंटा
चित्रपट बघताना तीन गोष्टी तपासा : काळ किती दाबलाय, कुठलं पात्र बनवलेलं आहे, आणि टाळ्यांचा प्रसंग कुणाच्या वाट्याला येतो.

'हिडन फिगर्स' हा नासातल्या कृष्णवर्णीय गणितज्ञ स्त्रियांवरचा चित्रपट. त्यात सगळं १९६१-६२ च्या आसपास कोंबलंय. प्रत्यक्षात डोरोथी वॉन १९४९ मध्येच विभागप्रमुख होत्या, मेरी जॅक्सन १९५८ मध्ये इंजिनिअर झाल्या. 'कृष्णवर्णीयांसाठी' अशी पाटी असलेल्या स्वच्छतागृहासाठीची धावाधाव कॅथरीन जॉन्सनच्या नावावर खपवलीय; त्या खरं तर पाटी नसलेलं स्वच्छतागृह सरळ वापरत. पाटी फोडून काढणारा साहेब तर निव्वळ काल्पनिक. बायकांच्या कर्तृत्वावरचा सिनेमा, आणि टाळ्या साहेबाला! अंतराळवीर जॉन ग्लेनच्या उड्डाणाआधीची कॅथरीनची आकडेमोड पडद्यावर ऐनवेळी उरकते. खरी दीड दिवस चालली होती, मेकॅनिकल कॅल्क्युलेटरवर, एकेक आकडा हाताने घालत.

मार्गॉट ली शेटर्ली यांच्या मूळ पुस्तकात कथा १९४३ पासून येते, म्हणून ही तफावत लगेच दिसते.

जुनी_पोथी
मराठीत करायचं तर आनंदीबाई जोशी. एक घोळ टाळा : श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी आहे, चरित्र नव्हे. त्यातले संवाद पुरावा म्हणून देऊ नका. चरित्र हवं तर काशीबाई कानिटकरांचं, त्यात पत्रंही आहेत. २०१९ चा 'आनंदी गोपाळ' चित्रपट त्याच्या जोडीला. आणि चर्चेत एक प्रश्न जरूर टाका : १८८६ मध्ये पदवीसाठी तिने प्रबंध कशावर लिहिला? आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. बहुतेकांना लग्नाचं वय आणि नवऱ्याचा स्वभाव तेवढा आठवतो.

कानसेन
'लॉस्ट विमेन ऑफ सायन्स' या पॉडकास्टचा पहिला सीझन. विषय डोरोथी अँडरसन, जिने शवविच्छेदनातून सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसं नि स्वादुपिंड बिघडवणारा आनुवंशिक विकार) हा वेगळा आजार असल्याचं १९३८ मध्ये मांडलं. भागांची लिखित प्रत मिळते, उच्चार अडला की ती समोर ठेवा. मात्र गटात बसून ऐकू नका, वीस मिनिटांत माना मोबाइलकडे वळतात. घरून ऐकून यायचं.

क्रम : चित्रपट आधी. पुस्तक आधी वाचलं की सगळे चुका काढत बसतात, सिनेमा बघणं राहूनच जातं. आधी बघितला तर नावांना चेहरे मिळतात. ३०० पानं, रोज १५ धरली तर २० दिवस. अडल्यापडल्याला एक आठवडा जादा. शेवटच्या बैठकीत चित्रपटातले दोनच प्रसंग पुन्हा लावा आणि पुस्तकातली तीच पानं शेजारी उघडा.

वाचनखूण
'हिडन फिगर्स' नक्की. पुस्तकात नावांची गर्दी आहे का?

उलटपान
आहे, आणि विमानांच्या चाचण्यांचा तपशीलही भरपूर. पहिल्या बैठकीआधी एका कागदावर नाव, विभाग, रुजू झाल्याचं वर्ष असे तीन रकाने आखून द्या, वाचता वाचता भरतील. वेग पडतोय असं दिसलं तर त्याच पुस्तकाची लहान वाचकांसाठीची आवृत्ती घ्या.