लेकीला घेऊन गाडीनं क्रिकेटची मैदानं बघायची आहेत, सांगलीहून निघून. रूट आणि टायमिंग सुचवा

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. माझी लेक अकरा वर्षांची आहे, सहावीत, लेदर बॉलवर खेळते आणि कायम ओपनिंगला जायचा हट्ट असतो. २ नोव्हेंबर २०२५ ला डी. वाय. पाटीलवर आपल्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ रन्सनी हरवून वर्ल्ड कप घेतला त्या रात्री आमच्या घरात कोण झोपलंच नाही, आणि तेव्हापासून हिचं एकच चाललंय, बाबा ते ग्राउंड बघायला कधी जायचं. स्मृती मानधना आपल्या माधवनगरची, त्यामुळं इथल्या प्रत्येक खेळणाऱ्या पोरीला ती घरातली ताईच वाटते.

तर मी म्हटलं एकच ग्राउंड कशाला, गाडी आहेच, चार-पाच दिवस काढू आणि पुण्याचं नेहरू स्टेडियम, पुण्याबाहेरचं गहुंजेचं स्टेडियम, मग नेरूळचं डी. वाय. पाटील, वानखेडे, ब्रेबॉर्न असं सगळं करून येऊ. फक्त आम्ही दोघंच, मी आणि ती. बायकोला क्रिकेटचं काही नाही, ती म्हणाली खुशाल जा.

विचारायचंय ते असं की दिवाळीच्या सुट्टीत जाऊ का जानेवारीत, मॅच बघून ट्रिप आखावी का नुसती मैदानं बघितली तरी चालतंय, मॅच नसताना आत सोडतात का, आणि गाडी मुंबईत घालावी का नको. आयपीएलचं तिकीट काढायचं पण डोक्यात आहे पण दोघांचा खर्च बघता जरा विचार पडलाय. पोरीला नीट काहीतरी बघायला मिळावं एवढंच आहे, ज्यांनी असं केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

कृष्णाकाठचा लेगस्पिनर
भारी बेत आहे दादा, कराच. पुण्यापर्यंतचं मी सांगतो. आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका करून हायवेला लागा, पहाटे निघालात तर कराड-सातारा उजाडताना पार होतंय. हायवेच्या रुंदीकरणाची कामं चालू आहेत, डायव्हर्जन लागतात, त्यामुळं साडेचार तास धरले असतील तर साडेपाच धरा. टोल तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर.

पहिला दिवस पुण्यातच काढा. स्वारगेटजवळ नेहरू स्टेडियम आणि सहकारनगरला ब्लेड्स ऑफ ग्लोरी म्हणून क्रिकेटचं म्युझियम आहे, खेळाडूंच्या खऱ्या बॅटी, ग्लोव्हज, जर्सी, पोरगी तिथनं हलायची नाही. दुसऱ्या दिवशी गहुंजे. ते गावाबाहेर आहे, एक्स्प्रेसवेच्या तोंडाशी, म्हणजे मुंबईला जाताना वाटेतच पडतंय, पुण्यात राहून जाऊन येऊन करू नका.

गहुंजेला मॅच असेल तर एक लक्षात ठेवा, बरेच स्टँड उघडे आहेत. दुपारनंतर पूर्वेकडच्या बाजूला बसलात तर ऊन सरळ तोंडावर येतंय, लहान पोर असलं की तासाभरात कंटाळतंय, मग मॅच राहते बाजूला आणि पाण्यासाठी लाइन लावायला लागते. बॅग, पाण्याची बाटली, पॉवर बँक, घरचं खायला यातलं मोठ्या मॅचला काहीच आत सोडत नाहीत. भडंगाचा डबा गाडीतच ठेवायचा.

पण ग्राउंड गोष्टींनी भरलेलं आहे. २०१७ ला तिथली पहिली टेस्ट, ऑस्ट्रेलियाच्या ओकीफनं १२ विकेट काढल्या आणि आपण तीन दिवसात हरलो, २०१९ ला विराटचे नाबाद २५४ तिथलेच, आणि २०२४ ला सँटनरनं १३ काढून आपली घरच्या सीरिज न हरण्याची बारा वर्षांची घोडदौड थांबवली ती पण तिथंच. जायच्या आधी तिला हे सगळं सांगून ठेवा, मग पिच बघताना तिला काहीतरी दिसेल.

माहीमकर, मूळ तासगाव
गाडी मुंबईत घालू नका, हे आधी. नेरूळ किंवा सीवूड्सला लॉज बघा, गाडी तिथेच पार्किंगला ठेवा आणि पुढे लोकल. डी. वाय. पाटील नेरूळलाच आहे, ते झालं की हार्बरने सीएसएमटी, आणि तिथून आझाद मैदान अगदी समोर.

आता खरं सांगतो, तुमच्या लिस्टमध्ये आझाद मैदान नाही हे मला खटकलं. वानखेडे बघा, बघायलाच पाहिजे, २०११ ची फायनल तिथली, सचिनची २०१३ ची शेवटची टेस्ट तिथली, आत सचिनचा पुतळा आहे आणि २०२५ ला क्रिकेटचं म्युझियमही झालंय, वेळा आधी बघून जा. पण मॅच नसेल तर गेटवरचा वॉचमन आत सोडेलच असं नाही, आणि ब्रेबॉर्न तर सीसीआयचं, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, क्लबचा मेंबर ओळखीचा असेल तरच. १९३७ चं ग्राउंड, फार देखणं आहे, पण बाहेरच्या माणसाला भिंतच बघायला मिळते. २०२३ ला महिलांच्या पहिल्या डब्ल्यूपीएलची फायनल ब्रेबॉर्नवरच झाली होती, तशी मॅच लागली तर मात्र तिकीट काढून राजरोस आत जाता येतं.

आझाद मैदानाला गेट नाही, तिकीट नाही. रविवारी सकाळी जा. एकाला एक चिकटून वीस-बावीस पिचेस आणि सगळीकडे एकाच वेळी मॅच चालू. एका मॅचचा थर्ड मॅन दुसऱ्या मॅचच्या पॉइंटच्या शेजारी उभा असतो, पाठीला पाठ लावून, आणि बॉल आला की आधी बघतो कुणाचा आहे. मधूनच कुणीतरी ओरडतं, सगळे डोकं धरून खाली बसतात, मग परत चालू. सचिन-कांबळीची ६६४ ची पार्टनरशिप फेब्रुवारी १९८८ ला याच मैदानावरची, शाळेच्या मॅचमध्ये. मुलीला बाउंड्रीपासून दोन हातावर उभं राहून बघता येईल, बॉल बॅटला लागल्याचा आवाज ऐकता येईल. तो आवाज वानखेडेच्या वरच्या स्टँडला येत नाही, तिथे फक्त डीजे ऐकू येतो.

तुतारी४१६
माहीमकरांशी अर्धा सहमत. मैदानं बघा सगळी, पण अकरा वर्षांच्या पोरीला एक तरी फ्लडलाइटमधली मोठी मॅच दाखवाच. जिन्यातनं वर येऊन एकदम ते हिरवंगार लखलखीत मैदान समोर येतं ना, ते टीव्हीवर कधी कळत नाही. आणि वानखेडेच्या नॉर्थ स्टँडचा गोंगाट अंगावर येतो तेव्हा आपण काहीतरी मोठ्यात सामील आहोत असं वाटतं, मुलांना ते हवं असतं. खर्च आहे, मुलांना पण पूर्ण तिकीट लागतं, मॅच संपायला साडेअकरा होतात, सगळं मान्य. तरी एक कराच. डब्ल्यूपीएलचं करा, आयपीएलच्या मानानं तिकीट स्वस्त असतं आणि तिची ताई पण खेळताना दिसेल.

अजिंक्यताऱ्याखालून
मी साताऱ्याची, दोन मुलींची आई, दोघी धनुर्विद्या करतात म्हणून स्पर्धांना सारखी फिरती असते. आदिती स्वामी आमच्या साताऱ्याची, २०२३ ला सतराव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाली, त्यामुळे मैदान बघून पोरींवर काय परिणाम होतो ते मी रोज बघते. तुम्ही नेताय याचं खूप बरं वाटलं.

कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. एकटे बाबा आणि मुलगी असं जाताना बाथरूमचा विचार आधी करा. तुम्ही लेडीजच्या आत जाऊ शकत नाही आणि मोठ्या मॅचच्या गर्दीत ती एकटी आत जाऊन बाहेर येईपर्यंत तुमचा जीव टांगणीला. आत शिरतानाच स्टँडचं नाव, ब्लॉक आणि गेट नंबर तिच्याकडून पाठ करून घ्या, चुकामूक झाली तर कुठल्या खांबाशी थांबायचं ते ठरवा आणि तुमचा नंबर पेनाने तिच्या मनगटावर लिहा. तिथे लेडी पोलिस किंवा बाई व्हॉलंटियर असतात, कुणाला विचारायचं ते आधीच दाखवून ठेवा. या वयात पाळी कधीही येऊ शकते, तर आईला सांगून एक छोटं पाउच तिच्याकडे देऊन ठेवा आणि तिला ते माहिती असू द्या, म्हणजे तिला तुमच्याशी बोलायला अवघड व्हायचं नाही.

आणि जाताना कराडला दहा मिनिटं गोळेश्वरला गाडी वळवा. खाशाबा जाधवांचं गाव, १९५२ ला हेलसिंकीचं कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांच्या जाण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्रिन्सिपल खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार दिले होते. घराचं नाव ऑलिम्पिक निवास. क्रिकेट नसलं तरी आपल्याच वाटेवर आहे, तेवढं दाखवा.

परत आलो मिरजेला
मी बरीच वर्षं बोस्टनला होतो, आता मिरजेत. तुम्ही करताय ते तिकडं बेसबॉलला सर्रास करतात, बाप-लेक गाडी काढतात आणि उन्हाळ्यात एकापाठोपाठ एक स्टेडियम बघत सुटतात. तिकडं जमतं त्याचं कारण वेळापत्रक. एका टीमच्या सीझनला १६२ मॅच, त्यातल्या ८१ घरच्या मैदानावर, वसंतापासून सप्टेंबर अखेरपर्यंत जवळपास रोज. आज बोस्टन, उद्या न्यूयॉर्क, परवा फिलाडेल्फिया, कुठंही जा मॅच आहेच. मॅच नसली तर तिकीट काढून टूर घेता येते. बोस्टनचं फेनवे पार्क १९१२ चं, डाव्या अंगाला सदतीस फुटी हिरवी भिंत, टूरमध्ये त्या भिंतीवर वर उभं राहून मैदान बघता येतं. शिकागोच्या रिग्ली फील्डला मागच्या भिंतीवर वेल चढवलेत, बॉल वेलीत अडकला तर सरळ दोन बेस देतात. प्रत्येक मैदानाचा आकार वेगळा, नियम पण त्यानुसार.

आपल्याकडं तसं रोज काही नाही, त्यामुळं पाच स्टेडियम गाठायची म्हटली तर पाचातली चार कुलूपबंद मिळणार. म्हणून मी उलटं करा म्हणतो. आधी मॅच धरा आणि ती रणजीची, म्हणजे राज्यांच्या टीमांच्या स्पर्धेची धरा. बीसीसीआयच्या साइटवर वेळापत्रक येतं. रणजी हल्ली दोन तुकड्यात होते, ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मग जानेवारी-फेब्रुवारी. महाराष्ट्राची घरची मॅच गहुंजेला असते, कधी नाशिकला, कधी सोलापूरच्या पार्क मैदानावर पण दिली जाते, सोलापूर लागलं तर तुम्हाला मिरज-पंढरपूर करून पुण्यापेक्षा जवळ. बहुतेक ठिकाणी रणजीला तिकीटच नसतं, साडेनऊला खेळ सुरू होतो, हवं तिथं बसा, लंचला खाली जाळीपाशी जाऊन उभं राहा, इंडिया खेळलेला माणूस हातभर अंतरावरनं जातो.

आणि तिकडची एक सवय मला फार आवडली ती सांगतो. तिकडचे बाप पोरांच्या हातात स्कोअरकार्ड आणि पेन्सिल देतात, प्रत्येक बॉलला काय झालं ते पोरानं स्वतः लिहायचं. पोरगं मोबाइल मागत नाही, जागचं उठत नाही, आणि खेळ त्याला आतनं कळायला लागतो, फील्डर इथं का हलला, बॉलर का बदलला. तुम्ही तिला स्कोअरबुक घेऊन द्या. स्पोर्ट्सच्या दुकानात साधं स्कोअरबुक मिळतं, आडवं. ओपनर आहे म्हणता, तर तिला नव्या बॉलचे पहिले वीस ओव्हर लिहायला लावा, कुठला सोडला, कुठला खेळला, सगळं. कोच जे सांगून दमला असेल ते तिचं तिला कळेल.

विश्रामबागकर
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ताई, तुमचा सल्ला बायकोला वाचून दाखवला, तिनं लगेच पाउच भरायला घेतलं आणि लेकीशी बसून बोलली पण. हे माझ्या ध्यानातच आलं नसतं.

आता असं ठरतंय, जानेवारीनंतरची रणजीची मॅच बघायची, गहुंजे लागलं तर उत्तम, तिथनं पुढं नेरूळ आणि रविवार आझाद मैदानाला. वानखेडेचं म्युझियम. ब्रेबॉर्न बाहेरनं. तुतारी, तुमचं पण पटलं, डब्ल्यूपीएलची मॅच तारखांत बसली तर काढतो, नाहीतर पुढच्या साली. आयपीएल राहू दे. शाळेला दोन दिवस बुडतील, बाईंशी बोलतो. स्कोअरबुक आणलं. पण मला स्वतःला लिहिता येत नाही, ती विचारेल तेव्हा काय सांगू?

अण्णा वखारभाग
मी क्लबच्या मॅचला स्कोअरिंग केलेलं आहे, सांगतो. पण आधी नेहरू स्टेडियमचं. तिथं गेलात तर तिला २९ फेब्रुवारी १९९६ सांगा. मी तेव्हा पुण्यात शिकायला होतो, वर्ल्ड कपची मॅच, केनिया विरुद्ध वेस्ट इंडीज. केनिया १६६ ला आउट, सगळे म्हणाले झालं. आणि वेस्ट इंडीज ९३ ला संपली. लाराचा कॅच केनियाच्या चष्मेवाल्या जाडजूड कीपरनं घेतला तेव्हा आमच्या स्टँडमधली अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली होती. आज स्टेडियम बाहेरनं साधंच दिसतं, गोष्ट माहिती असली तर वेगळं दिसतं. आणि सांगलीतनं निघताना हे पण सांगा की विजय हजारे सांगलीत जन्मले, १९४८ ला ॲडलेडला ब्रॅडमनच्या टीमसमोर एकाच टेस्टच्या दोन्ही डावात सेंच्युरी, ११६ आणि १४५, आणि १९५२ ला मद्रासला भारतानं पहिली टेस्ट जिंकली तेव्हा कॅप्टन तेच. मानधनाच्या आधीपासनं हे गाव क्रिकेटचं आहे.

स्कोअरिंग सोपं आहे. प्रत्येक बॉल दोन ठिकाणी लिहायचा, बॅट्समनच्या ओळीत आणि बॉलरच्या चौकटीत. रन नाही तर टिंब. वाइडला अधिकचं चिन्ह, नो बॉलला गोल, दोन्ही बॉलरच्या नावावर. बाय (बॅटला, अंगाला न लागता पळून काढलेले रन) आणि लेगबाय (अंगाला लागून काढलेले) एक्स्ट्राच्या ओळीत, बॉलरच्या खात्यात धरायचे नाहीत, इथंच सगळे गोंधळतात. विकेट पडली की बॉलरच्या चौकटीत डब्ल्यू, पण रनआउट बॉलरला द्यायचा नाही. ओव्हर संपली की दोन्हीकडची बेरीज जुळते का बघायची, जुळली नाही तर पुढची ओव्हर चालू व्हायच्या आत शोधायचं, साचू द्यायचं नाही. पेन्सिल दोन घ्या, खोडरबर घ्या. आणि ओव्हरमध्ये एकही रन नसेल तर चौकटीतली सहा टिंबं जोडून इंग्रजी एम काढायचा, मेडन. पहिला एम काढायला मिळाला की पोरं लई खुश होतात.