युरोपात अल्पवयीन पोरांना शिक्षा कशी असते?

सांगलीकर: विश्रामबागला कट्ट्यावर काल जाम वाद झाला, कोयता घेऊन रील टाकणारी नववी-दहावीची पोरं, सगळे म्हणत होते टाका मोठ्यांच्या जेलात, युरोपात म्हणे लय कडक असतं, खरं का?

मिरजवाला: कडक कसलं भावा, देशागणिक वेगळं. इंग्लंडमध्ये १० वर्षाच्या पोरावर पण केस होते, शेजारच्या स्कॉटलंडनं उलट ८ वरून १२ केलं, जर्मनीत १४. आणि जर्मनीत १८ ते २० वाल्याला पण, समज कमी वाटली तर पोरांचाच कायदा लावतात.

कृष्णाकाठची: स्वीडनचं बघा की. १५ च्या खाली शिक्षाच नाही, म्हणून गँगवाले मोबाईलवर मेसेज टाकून १३-१४ ची पोरं सुपारीला धरतात, पोरगं सापडतं आणि देणारा लांब बसून नामानिराळा! आता सरकार वय खाली आणायच्या मागं लागलंय. मला तर वाटतं मग १२ ची धरतील.

मिरजवाला: अगदी. आपल्याकडं २०१५ च्या कायद्यानं १६ च्या पुढच्यांवर भयंकर गुन्ह्यात मोठ्यांसारखी केस चालवता येते, पण ते आधी बाल न्याय मंडळ (पोरांच्या केसेस बघणारं बोर्ड) तपासतं, डायरेक्ट नाही. रीलवाल्यांना ते लागू पण होणार नाही. कोयता आणून कोण देतं ते विचारा की कट्ट्यावर.