उंदराचं यकृत सुधारलं, म्हणून काय झालं?

यकृतमित्र: ‘अमुक अर्काने फॅटी लिव्हर बरं झालं’ असले शोधनिबंध उघडले की साचा एकच. उंदरांना आजारी पाडणारं खाद्य, मग अर्क, मग एमडीए (चरबीला ऑक्सिडेशनने झालेल्या इजेची खूण) घटलं, ग्लुटाथायोन (पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट) वाढलं, टीएनएफ-अल्फा (दाह वाढवणारं प्रथिन) उतरला. निष्कर्ष तयार! माझ्या मते यातून औषधाबद्दल जवळपास काहीच कळत नाही.

सगळ्यात जास्त राग मेथिओनिन आणि कोलीन ही पोषकद्रव्यं काढून टाकलेल्या खाद्याचा. कोलीन नसलं की चरबी बाहेर नेणारे व्हीएलडीएल कण यकृताला नीट बांधता येत नाहीत, ती आतच साचते. मेथिओनिन नसलं की ग्लुटाथायोनचा कच्चा माल आटतो. म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिडंटांचा अतिरेक) आपणच खाद्यातून द्यायचा आणि अँटिऑक्सिडंट देऊन तो उतरवल्याची फुशारकी मारायची. वर हे उंदीर चक्क रोडावतात. माणसाचा आजार बहुधा लठ्ठपणाबरोबर येतो.

सूक्ष्मदर्शी: सगळ्यात दुबळं मॉडेल (म्हणजे आजाराची प्राण्यातली नक्कल) निवडून झोडपताय. दाह आणि फायब्रोसिस (यकृतात व्रणासारखे तंतू साचणं) काही आठवड्यांत बघायचा असतो म्हणून ते खाद्य वापरतात. चरबी, फ्रुक्टोज आणि कोलेस्टेरॉल एकत्र दिलेल्या उंदरांचं काय? त्यांचं वजन वाढतं, इन्सुलिनचं गणित बिघडतं आणि सहाएक महिने धीर धरला तर फायब्रोसिसही दिसतो. आणि ऑक्सिडेटिव्ह ताण ही काही उंदरांचीच मक्तेदारी नाही. २०१० च्या पिव्हेन्स चाचणीत मधुमेह नसलेल्या रुग्णांना ९६ आठवडे रोज ८०० आययू (एकक) व्हिटॅमिन ई हे अँटिऑक्सिडंट दिलं. ४३ टक्क्यांचं यकृत सुधारलं, प्लासिबोवर (औषध नसलेल्या गोळीवर) १९ टक्क्यांचं.

यकृतमित्र: पिव्हेन्सची उरलेली गोष्टही सांगा की. फायब्रोसिसमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, आणि रुग्णाचं पुढे काय होणार हे मुख्यतः फायब्रोसिसच ठरवतो. सेलोन्सर्टिब आठवतंय? ताण वाढला की चालू होणारं एएसके१ हे एन्झाइम रोखणारं औषध. प्राण्यांत झकास, २०१९ मध्ये माणसांवरच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्यांत सपशेल आपटलं.

सूक्ष्मदर्शी: त्या चाचण्यांतले रुग्ण कोण होते? फायब्रोसिस वाढलेले, काही तर सिरॉसिसपर्यंत, म्हणजे फायब्रोसिसच्या शेवटच्या पायरीपर्यंत पोचलेले. घर जळाल्यावर काडेपेटी जप्त करून काय उपयोग? त्यावरून काडीने आग लागलीच नव्हती असं ठरत नाही.

पिंजरावाला: तुमचं चालू द्या, पण उंदीर कुठला हे कुणीच विचारत नाही. सी५७बीएल/६जे या वाणात एनएनटी जनुक बिघडलेलं असतं. मायटोकॉन्ड्रियात (पेशीच्या ऊर्जाकेंद्रात) एनएडीपीएच हा रेणू बनवायची एक मोठी वाट त्यामुळे बंद, आणि वापरलेलं ग्लुटाथायोन पूर्ववत करायला तेच लागतं. ६एन वाणात हे जनुक धड आहे. निबंधात मात्र नुसतं ‘सी५७बीएल/६’ लिहून मोकळे! ताण मोजायचाय आणि एवढंही सांगायचं नाही? खोलीचं तापमान हा आणखी एक घोळ. आपल्याला २२ अंश बरे वाटतात, उंदराला ३०च्या आसपास. थंडीत तो ऊब धरण्यातच कॅलरी जाळतो. ३० अंशांना ठेवलं की त्याच खाद्यावर यकृताचा दाह जास्त बळावतो.

यकृतमित्र: घ्या! म्हणजे माझ्याच म्हणण्याला पुष्टी.

सूक्ष्मदर्शी: छे, उलट. वाण, तापमान कळतं म्हणजे मॉडेल दुरुस्त करता येतं. तुम्ही ते फेकून द्या म्हणताय. भांडायचंच तर अर्क कधी सुरू केला यावर भांडा. पुष्कळदा तो पहिल्या दिवसापासून खाद्याबरोबरच चालू असतो.

यकृतमित्र: मग त्याला प्रतिबंध म्हणा, ‘बरं झालं’ कशाला? आधी बायोप्सी करून आजार पक्का झालाय हे दाखवा, मग अर्क द्या. असा निबंध आणा, मी वाचतो.

पिंजरावाला: आणि वाण पूर्ण लिहिलेला.