जुनी विमानं: हवेत काय बिघडतं, हँगरमध्ये काय सापडतं

रातपाळी
नात्यातल्या एका ग्रुपवर प्रश्न आला, "विमान वीस वर्षांचं आहे म्हणे, तिकीट रद्द करू का?" आणि अलोहा एअरलाइन्सचं फ्लाइट २४३ डोळ्यांपुढे उभं राहिलं. २८ एप्रिल १९८८, हवाई बेटं, बोइंग ७३७-२००. २४,००० फुटांवर पुढच्या केबिनचं छप्पर १८ फूट लांबीत उडून गेलं. एक हवाई सुंदरी गेली, बाकी सगळे वाचले. विमान १९ वर्षांचं, तास ३५ हजारांच्या आसपास, पण उड्डाणं ८९,६८०! एका बेटावरून दुसऱ्यावर, सरासरी २४ मिनिटांची खेप. दर खेपेला केबिनमध्ये दाब भरतो आणि उतरतो, आणि धातू थकतो तो त्यानेच. म्हणून वय विचारण्याआधी सायकल (एक उड्डाण आणि उतरणं म्हणजे एक सायकल) विचारा.
या कामातल्या लोकांनी लिहा. काय बिघडतं, कुठे, का, आणि तपासायचं कसं. तुमच्या कंपन्यांची नावं नकोत, तपशील हवा.

शीटमेटल
अलोहाचं मूळ लॅप जॉइंटमध्ये, म्हणजे पत्र्यावर पत्रा चढवलेल्या जोडात. सुरुवातीच्या ७३७ मध्ये दोन पत्रे एकमेकांवर चढवून मध्ये इपॉक्सी लावलेलं कापड घालत, त्याला कोल्ड बाँड म्हणतात. कापड थंड ठेवावं लागे. लावताना त्यावर दव धरलं की चिकटणं कच्चं. पुढे त्यात ओल शिरते, गंज फुगतो, पत्रे सुटतात आणि सगळा भार रिव्हेटवर (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांवर) येतो. पत्रा फक्त ०.०३६ इंच, त्यात काउंटरसिंक (रिव्हेटचं डोकं बसवायचा उतरता खळगा) इतकं खोल की भोकाची कड सुरीच्या धारेसारखी. वरच्या ओळीत प्रत्येक भोकाला बारीक तडा. एकेकटा निरुपद्रवी, पण शेजारशेजारचे एकमेकांना जाऊन मिळाले की थांबायला जागा उरत नाही.
आणि हे वाचून अजून चुटपुट लागते: विमान बनवणाऱ्या कंपनीच्या बुलेटिनमध्ये (सूचनापत्रात) बरेच जॉइंट होते, सक्तीची तपासणी मात्र एस-४ पुरतीच होती (एस म्हणजे स्ट्रिंगर, पत्र्याला आतून आधार देणारी लांब पट्टी; पुढे तिचा क्रमांक). फाटलं एस-१० ला.

ठाणेकरीण
बाप रे. पुढच्या आठवड्यात आईला घेऊन प्रवास आहे, वाचू की नको? 😟

रातपाळी
ताई, वाचा, आणि आईंना घेऊन बिनधास्त जा. १९९१ मध्ये अमेरिकेत जुन्या विमानांचा कायदा आला तो याच अपघातामुळे. आता प्रत्येक मॉडेलला मर्यादा ठरलेली असते. ए३२० चं मूळ डिझाइन लक्ष्य ४८,००० उड्डाणं किंवा ६०,००० तास होतं. त्यापुढे उडवायचं तर जादा तपासण्या आणि बदल करावेच लागतात.

एडी_करंट
तडे शोधायचे कसे ते लिहिते. एडी करंट म्हणजे प्रोबने धातूत फिरवलेला विद्युतप्रवाह, तडा आला की तो बदलतो. वरच्या पत्र्यासाठी हाय फ्रिक्वेन्सी एडी करंट, खालच्या थरासाठी लो फ्रिक्वेन्सी. आधी रेफरन्स स्टँडर्डवरच्या (मुद्दाम खाच पाडलेल्या नमुन्याच्या तुकड्यावरच्या) खाचेवर मीटर लावून घ्यायचा. स्टँडर्ड त्याच मिश्रधातूचा, त्याच जाडीचा हवा. प्रोब रिव्हेटच्या डोक्याभोवती टेम्प्लेट ठेवून फिरवायचा, नाहीतर कडेचा सिग्नल तड्यासारखा दिसतो. रंगाचे थर जाड असतील तर प्रोब पत्र्यापासून लांब पडतो, संवेदना घटते, मग रंग काढायचा.
खरी अडचण यंत्राची नाही. पहाटे तीनला मचाणावर उभं राहून शेकडो रिव्हेट, सगळे ठीक, आणि पुढचा खराब असू शकतो. माणूस बदलत राहायला हवा. यावर पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

शीटमेटल
रंग काढण्यावरून: जुनं सीलंट खरवडायला धातूची पट्टी वापरू नका! प्लास्टिकचाच स्क्रेपर. लॅप जॉइंटच्या कडेने उठलेला ओरखडा रंगाखाली झाकला जातो आणि वर्षानुवर्षे तिथून तडा चालतो. ७३७ वर या स्क्राइब लाइन शोधायला वेगळी मोहीम काढावी लागली.

डब्लर
कुकर लावलाय, पटकन लिहितो. जुन्या विमानात मला मूळ पत्र्यापेक्षा जुन्या दुरुस्तीची भीती जास्त. जपान एअरलाइन्स १२३, १२ ऑगस्ट १९८५, ५२० माणसं. १९७८ मध्ये ओसाकाला शेपूट धावपट्टीला घासलं, मागच्या प्रेशर बल्कहेडला (केबिनचा दाब अडवणाऱ्या मागच्या भिंतीला) जोडपट्टी लावली. ती अखंड हवी होती, कापून दोन तुकडे बसवले, एका ठिकाणी रिव्हेटच्या दोन ओळींचं काम एकाच ओळीवर आलं. सात वर्षांनी फाटलं.
चायना एअरलाइन्स ६११, २५ मे २००२, २२५ माणसं. १९८० मध्ये हाँगकाँगला शेपूट घासलेलं. ओरखडे तसेच ठेवून वरून डब्लर (ठिगळाचा पत्रा) मारला. बाहेरून तडा दिसणारच नाही, तो डब्लरखाली. पण आधीच्या फोटोंत डब्लरच्या कडेला तपकिरी ओघळ दिसतात, आतली हवा गळत होती.
म्हणून तपासणीला गेलात की ओघळ बघा. रिव्हेटमागे काळी शेपटी म्हणजे रिव्हेट हलतोय. आणि दुरुस्तीचे कागद नसतील तर ती दुरुस्ती नाहीच असं समजून उघडा.

मिहानकर
सायकलवर सगळं आलं, पण गंज वर्षांवर चालतो, उभ्या विमानालाही. मुंबईसारख्या किनाऱ्यावर तर जास्तच. जागा ठरलेल्या: गॅलीखाली (विमानातल्या स्वयंपाकघराखाली), टॉयलेटखाली, दरवाजाच्या उंबऱ्यापाशी, सीट ट्रॅकमध्ये (सांडलेली कॉफी आणि कोला), आणि पोटाच्या तळाशी. फ्लोअर पॅनल काढा, इन्सुलेशनची गादी दाबून बघा, ओली असेल तर बदला. गंज नायलॉन पॅडने घासा, स्टील वूल नको, लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात. मग उरलेली जाडी मोजा, मर्यादेत असेल तर अलोडाइन (ॲल्युमिनियमवर लावायचा रासायनिक संरक्षक थर), प्रायमर, वर गंजरोधक. शेवटी ड्रेन होल मोकळी आहेत ना ते तारेने नाही, डोळ्यांनी बघा, कारण गंजरोधक फवारतानाच ती बुजतात.

ठाणेकरीण
मिहानकर दादा, माझा भाचा एएमई (विमान देखभाल इंजिनिअरिंग) करतोय, नागपूरला संधी असते का?

मिहानकर
असते. नागपूरच्या मिहानमधलं हँगर (विमान दुरुस्तीची शेड) २०१५ पासून चालू आहे. बी१ परवाना घेतोय की बी२? बी१ मेकॅनिकल, बी२ एव्हिऑनिक्स. शीटमेटलचा हात शिकून घे म्हणावं, कायम मागणी.

वायरमन
आमच्या भागाकडे कुणी बघत नाही. टीडब्ल्यूए या अमेरिकी एअरलाइनचं फ्लाइट ८००, १७ जुलै १९९६, २५ वर्षांचं ७४७, मधल्या टाकीतल्या वाफा पेटल्या, २३० गेले. ठिणगी बाहेरच्या शॉर्टमधून टाकीतल्या वायरीत आली असावी हा सर्वांत संभाव्य निष्कर्ष. त्यानंतर वायरिंगला स्वतंत्र यंत्रणा मानून नियम झाले.
करायचं काय: ड्रिल मारण्याआधी खालचं वायरींचं बंडल झाका, कीस व्हॅक्यूमने ओढा, हवा मारून उडवू नका, तो बंडलमध्येच जाऊन बसतो. क्लॅम्पचं रबर चेपलंय का बघा. जुन्या कॅप्टॉन वायरच्या (कॅप्टॉन हे प्लास्टिकचं वेष्टण) वेष्टणाला तडा गेला की आर्क (ठिणगीची ज्योत) पुढे पुढे पळतो, म्हणून ट्रिप झालेला ब्रेकर हवेत उगाच परत दाबायचा नाही.

ग्रीसगन
अलास्का एअरलाइन्स २६१, ३१ जानेवारी २०००. शेपटीचा जॅकस्क्रू, म्हणजे शेपटीचा आडवा पंख वर-खाली करणारा लांब स्क्रू. नटाचे आटे झिजून गेले, ८८ माणसं. एंड प्लेची (स्क्रू आणि नटामधल्या ढिलाईची) मर्यादा ०.०४० इंच. १९९७ मध्ये बरोबर तेवढाच भरला, पुन्हा मोजल्यावर ०.०३३, विमान सोडलं. ग्रीस लावायची मुदतही वाढवत वाढवत आठ महिन्यांवर नेलेली. ग्रीस मारताना जुनं ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवं भरायचं, आणि बाहेर आलेलं बोटांवर घेऊन बघायचं. धातूची चकाकी दिसली तर पुढचं काम थांबवा.

ठाणेकरीण
एक विचारू? मास्क खाली आले आणि पिशवी फुगलीच नाही तर?

रातपाळी
फुगली नाही तरी ऑक्सिजन येतो. मास्क जोरात खाली ओढा, पिन निघते तेव्हाच वरचा रासायनिक जनरेटर चालू होतो. नाक आणि तोंड दोन्ही झाका. जळल्यासारखा वास येईल, डबा तापतो म्हणून, घाबरायचं नाही. साधारण १२ ते २२ मिनिटं पुरतो, तेवढ्यात पायलट १०,००० फुटांवर उतरतो. स्वतःचा आधी, आईंचा मग.

एडी_करंट
आणि आईंना खिडकीतल्या भिंगाएवढ्या भोकाबद्दल आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या घाबरतील. ते दाब सारखा करायला मुद्दाम ठेवलेलं असतं. थोडं दव किंवा बर्फ धरतो, ते चालतं.

डब्लर
भिंगाएवढं नाही हो, टाचणीपेक्षा जरासं मोठं. खिडकीच्या मधल्या काचेला (पॅनला) असतं.

एडी_करंट
बरोबर, टाचणीएवढंच. ताई, डब्लर म्हणतात तेच धरा.